फ्लॅटमध्ये ओसरी कुठून आणायची?

आमच्या इमारतीत गेल्या दोन वर्षांत तीन घरांचं इंटिरिअर नव्यानं झालं. तिन्हीकडे चहाला जाऊन आले. एका भिंतीवर प्लास्टिकचं गवत, कोपऱ्यात कापडी पानांचं झाड आणि सोफ्यामागे धुक्यातल्या पाइनच्या जंगलाचा वॉलपेपर. "आम्हाला जरा निसर्गात बसल्यासारखं हवं होतं," असं तिघींनीही सांगितलं. आणि तिघींनीही बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली. म्हणजे जे खरं बाहेर होतं ते काढून टाकलं आणि त्याचं चित्र भिंतीला डकवलं.

मला हसायचा काही अधिकार नाही. आठ वर्षांपूर्वी आम्हीही बाल्कनी आत घेतली होती. हॉल चार फुटांनी वाढला, नवा सोफा बसला. राजापूरकडच्या घरात वाढलेल्या सासूबाई आल्या, दोन दिवस गप्प राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, घर मोठं केलंस ते बरं केलंस. पण आता बाहेर कुठे बसायचं?" मी म्हटलं, "आई, हॉलमध्ये बसा की, मोठा झालाय." त्या बसल्या, पण संध्याकाळी खुर्ची उचलून जिन्याच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली.

त्या खुर्चीमुळे मी या विषयाच्या मागे लागले. घरात 'बाहेरचं' वाटतं म्हणजे नेमकं काय वाटतं? कुंड्या ठेवल्या की ते येतं का? येत नसेल तर का येत नाही? वाचत गेले, वास्तुविशारद मैत्रिणींना पिडलं आणि घरात बरंच काही करून पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

शरीराला 'बाहेर' कसं कळतं

डोळे मिटून गच्चीवर उभे राहा. तरी आपण बाहेर आहोत हे कळतं. झुळूक येते आणि थांबते. ढग सरकला की पापण्यांवरचा उजेड बदलतो. वास येतो, जातो. एक गाल गरम असतो, दुसरा गार. बाहेरची खूण हिरवा रंग नाही, सतत होणारे हे बारीक बदल आहेत. हॉलमध्ये सकाळी अकराला आणि दुपारी चारला काहीच वेगळं नसतं. ट्यूब तेवढीच, पंखा तेवढ्याच वेगानं, तापमान तेच. प्लास्टिकच्या गवतानं म्हणूनच फसवणूक होत नाही. पहिल्या दिवशी डोळ्याला हिरवं दिसतं, पण ते हलत नाही, वाढत नाही, सुकत नाही. आठवड्याभरात मेंदू त्याला भिंत समजू लागतो.

हिरवं दिसण्याला काहीच किंमत नाही असं मात्र नाही. रॉजर उलरिच या संशोधकानं 1984 साली 'सायन्स' नियतकालिकात एक छोटा पण गाजलेला अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यानं जोड्या लावल्या. 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी आठ दिवसांच्या आतच घरी गेले, भिंत दिसणाऱ्यांना पाऊण दिवस जास्त लागला आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही जास्त लागली. रुग्ण थोडे होते, त्यामुळे या एका अभ्यासावर इमला चढवू नये. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती झाडं खोलीत नव्हती. खिडकीबाहेर होती, जिथे वारा होता आणि ऋतू होते.

म्हणून माझा पहिला सल्ला जरा उलटाच आहे. घरात काय आणायचं याची यादी करू नका. बाहेरचं आत यायला कुठे अडतंय ते आधी शोधा.

उजेड: डोळा आपल्याला खोटं सांगतो

उजेड 'लक्स' या एककात मोजतात. फोनवर फुकटची ॲप मिळतात. फार काटेकोर नसतात, पण अंदाजाला पुरतात. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. त्याच वेळी झाडाच्या सावलीत दहा-वीस हजार. आणि आपल्या 'छान उजेडाच्या' हॉलच्या मध्यभागी किती? शंभर ते दोनशे. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा ॲप बिघडलंय असं वाटलं होतं.

एवढा फरक जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली आणि दृष्टिपटल काही मिनिटांत सावरून घेतात. पण झाडाला बाहुली नसते. ते आपलं पडेल तेवढ्या उजेडावर जेवतं. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीची चूक पाण्याची किंवा खताची नसते, ती उपाशी असते.

मग उजेड आत किती जातो? खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट खोलवर वापरण्याजोगा उजेड पोचतो. सात फुटांवर कड असेल तर चौदा ते सतरा फूट. म्हणजे लांबवर उजेड नेण्याचं काम खिडकीचा वरचा फूटभर भाग करतो. आणि आपण नेमका तोच झाकतो. फॉल्स सीलिंग खाली आणतो, पडद्याची पेटी बसवतो, वर झालर लावतो. जुन्या घरांत दारा-खिडक्यांच्या वर काचेची झडप असायची ती शोभेसाठी नव्हती. आमच्याकडे मी पडद्याची पेटी काढली आणि दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर लांब घेतली, म्हणजे दिवसा पडदा काचेवरून पूर्ण बाजूला भिंतीवर जातो. एवढ्या खर्चात घराचा उजेड बदलणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

छत मात्र पांढरं ठेवा. बाहेरच्या कठड्यावर, जमिनीवर आपटलेला उजेड छतावर जातो आणि तिथून खाली पसरतो. निसर्गाचा भास म्हणून छताला लाकडी पट्ट्या मारतात, त्या हा उजेड गिळतात. गडद लाकूड हवंच असेल तर ते खालच्या अंगाला, फर्निचरला ठेवावं.

आता दिशा. आपल्याकडे दक्षिणेचं नाव काढलं की लोक दचकतात. वास्तूचं काय ते मी सांगत नाही, सूर्याचं सांगते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस म्हणून शाळांमध्ये मुलं काठ्या उभ्या करून बघतात ते हेच. या दोन तारखांच्या मध्ये तर दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे झुकतो आणि दुपारी जेमतेम 48 अंश वर येतो.

याचा अर्थ कागदावर काढून बघा. दक्षिणेला चार फूट उंच खिडकी आहे आणि तिच्या डोक्यावर दीड फुटाचा छज्जा आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी 71 अंशांवर असतो, तेव्हा छज्जाची सावली साडेचार फूट खाली येते. खिडकी पूर्ण सावलीत. पुढे एप्रिल-मेमध्ये सूर्य आणखी वर, ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तीच सावली पावणेदोन फुटांची होते आणि खालून सव्वादोन फूट ऊन घरात शिरतं. थंडीत हवं असलेलं ऊन येतं, उन्हाळ्यात नको असलेलं बाहेर राहतं, आणि हे सगळं दीड फूट सिमेंटच्या फळीवर. ज्या दिशेला आपण भितो तीच सगळ्यात शहाणी निघाली.

खरा त्रास पश्चिमेचा. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य तीस-पस्तीस अंशांवर येतो. तिथे दीड फुटाचा छज्जा काय करणार? ऊन त्याच्या खालून सरळ सोफ्यावर येतं. आमचा हॉल पश्चिमेचा आहे. आम्ही जाड पडदे लावले, गडद निळे, आतून अस्तरवाले. खोली अंधारी झाली आणि तरीही तापायची. हे कोडं उलगडायला मला बराच वेळ लागला.

काच उन्हाला आत येऊ देते. ऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो. तापलेल्या वस्तूतून जी उष्णता निघते ती वेगळ्या जातीची, लांब लहरींची असते, आणि तिला काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आतला पडदा म्हणजे खिडकीत ठेवलेला हीटर. ऊन अडवायचं तर ते काचेला लागण्याआधी. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. पडवीला बाहेरून बांबूच्या चिका सोडायचे, वाळ्याचे पडदे लावायचे. बाहेरची चिक तापली तरी तिची उष्णता बाहेरच वाऱ्यावर जाते. आणि पट्ट्यांच्या फटींतून जो उजेड येतो तो जमिनीवर रेघारेघांनी पडतो, वारा आला की हलतो. एवढ्यानंसुद्धा खोली बदलते.

वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची पद्धत मात्र प्रदेश बघून उचलावी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर वाफ होतं आणि वाफ होताना हवेतली उष्णता खेचून घेतं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ते वाफच होत नाही. खोली गार न होता कोंदट होते आणि वर बुरशी.

गोव्याच्या जुन्या घरांत आणखी एक सुंदर युक्ती आहे. खिडकीच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे, अर्धपारदर्शक तुकडे बसवलेले असतात. ऊन त्यातून गाळून येतं, दुधासारखं. आता ते तुकडे मिळणं कठीण, पण पश्चिमेच्या खिडकीत खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच आणि वरचा अर्धा स्वच्छ ठेवला तर त्याच जातीचा परिणाम मिळतो. वर आकाश दिसतं, खाली समोरच्यांच्या न्हाणीघराची खिडकी दिसत नाही.

वारा: शिरायला दार हवं, तसं निघायलाही

"आमच्याकडे केवढी मोठी खिडकी आहे, पण वारा म्हणून येत नाही." ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता उत्तर तयार असतं. बाटली फुंकून बघा. एकच तोंड असलेल्या वस्तूत हवा शिरत नाही, कारण आतली हवा जाणार कुठे? खोलीला दुसरं तोंड लागतं, शक्यतो समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत. शिरायची जागा लहान आणि निघायची मोठी असेल तर आत शिरतानाचा वेग उलट वाढतो.

फ्लॅटमध्ये हे दुसरं तोंड बहुधा असतंच, आपण ते बंद केलेलं असतं. बेडरूमचं दार एसीसाठी लावलेलं. स्वयंपाकघराची खिडकी मिक्सर-मायक्रोवेव्हच्या मागे गेलेली. ड्राय बाल्कनीला काच. मुख्य दाराला बाहेरून जाळीचं दार असायचं, ते नूतनीकरणात 'जुनाट दिसतं' म्हणून काढलेलं. आमच्याकडे ते जाळीचं दार परत बसवलं, तेव्हा पश्चिमेचा वारा हॉलमधून थेट जिन्यात जाऊ लागला. सेकंदाला मीटरभर वेगाची झुळूक अंगावर असेल तर हवा दोन-तीन अंशांनी गार वाटते. तापमापक तेवढंच दाखवतो, घाम वाळतो.

सरकत्या खिडक्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीही अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. सहा फुटांची खिडकी घेतलीत, तीन फुटांचा वारा मिळाला. त्यावर डासांची जाळी, तिच्यात महिनाभराची धूळ. बाहेर उघडणारे जुने पल्ले पूर्ण उघडायचे, आणि वारा बाजूने जात असेल तर उघडलेला पल्ला त्याला अडवून आत वळवायचा. नवीन खिडकी करायची वेळ आलीच तर हे बोलून बघा. आणि आत्ता करण्यासारखं म्हणजे जाळी काढून धुणं. हसू नका, खरंच फरक पडतो.

वाड्यांच्या चौकाचं रहस्यही वाऱ्याचंच आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. कधी गेलात तर दुपारी चौकाच्या कडेच्या सोप्यात बसून बघा. रात्री उघड्या आकाशाखाली चौक निवतो, गार हवा जड म्हणून तळाशी साठते आणि भोवतालच्या भिंती सकाळी उशिरापर्यंत तिच्यावर सावली धरतात. दिवस चढला की गरम हवा वर निघून जाते, तिची जागा घ्यायला खोल्यांतून हवा सरकते. बाहेर वारा पडलेला असला तरी हे चालू राहतं. गोव्यातल्या हिंदू घरांच्या राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकातही हेच, मध्ये तुळस. फ्लॅटला चौक करता येणार नाही हे उघड आहे. पण पहाटे सगळ्या खिडक्या उघडून रात्रीची गार हवा भरून घ्यायची आणि दहाच्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या बंद करायच्या, ही चौकाचीच युक्ती झाली. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे रात्री गार होतात, तिथे ती लागू पडते. मुंबईत रात्रीही फारसं निवत नाही, तिथे सतत वाहता वाराच हवा.

कुंड्या: आधी आकाश बघा

आता झाडं. एक गैरसमज आधी काढून टाकू. 'हवा शुद्ध करणारी झाडं' म्हणून नर्सरीत दुप्पट किमतीला जी विकतात, त्यांच्यामागे नासाचा 1989 चा एक अहवाल आहे. तो प्रयोग खोटा नव्हता, पण तो बंदिस्त, हवाबंद पेट्यांमध्ये केला होता. आपलं घर हवाबंद नसतं. फटींतून, दारांतून हवा सतत बदलत असते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली असे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. नेहमीच्या हवा बदलण्याच्या तोडीचं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. दहा बाय बाराच्या खोलीला कमीत कमी एकशे दहा कुंड्या. मग झोपायचं कुठे? हवा शुद्ध करायला खिडकी उघडा. झाड झाडासाठी लावा.

आणि ते कुठे लावायचं? जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे, त्याच उंचीवर डोकं नेऊन बघा. आकाशाचा तुकडा दिसतो का? दिसत असेल तर झाड जगेल. दिसत नसेल तर तिथे फक्त भिंतींवरून परतलेला उजेड आहे, आणि त्यावर फार थोडी झाडं तग धरतात. दुसरी चाचणी सावलीची. दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. ठसठशीत सावली पडली तर तुळस, पुदिना, जास्वंद, मोगरा यांचा विचार करा. धूसर सावली पडली तर सिंगोनियम, ॲग्लोनिमा, पीस लिली. सावलीच पडत नसेल तर स्नेक प्लांट किंवा झेडझेड, तेही अधूनमधून खिडकीशी नेऊन.

'इनडोअर' नावाचं झाड मुळात नसतं. ज्यांना आपण तसं म्हणतो ती उष्ण प्रदेशातल्या जंगलांच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी झाडं. म्हणून त्यांना कमी उजेड चालतो, पण जंगलाची सावली आणि टीव्हीमागचा कोपरा यांत फरक आहे. मनीप्लांट बघा. बाटलीत त्याची पानं बोटभर राहतात. त्याला ओलसर काथ्याच्या काठीवर किंवा झाडाच्या खोडावर चढू दिलं की पानं हाताएवढी, पुढे ताटाएवढी होतात. वर चढणं त्याचा स्वभाव आहे. बाटलीत त्याचं बाळपण संपतच नाही.

आतली झाडं मरतात ती बहुतेक वेळा पाण्यानं. कमी उजेडात झाड कमी खातं, पानांतून कमी पाणी सोडतं, त्यामुळे त्याला कमी पाणी लागतं. आपण मात्र बाहेरच्या कुंडीइतकंच घालतो. माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं सुकतात, आणि पानं सुकली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. मी अशी एक अरेका पाम आणि दोन पीस लिली प्रेमानं बुडवून मारली आहेत. आता मातीत बोटाची दोन पेरं घालते. ओलं लागलं तर हात आवरते.

झाडांची मांडणी हा चवीचा भाग, पण माझं मत विचाराल तर दहा छोट्या कुंड्या दहा ठिकाणी ठेवण्यापेक्षा चार-पाच एकत्र ठेवा, लहानमोठ्या उंचीच्या, आणि त्या खिडकीसमोर अशा की उजेड त्यांच्यामधून खोलीत यावा. पानांच्या सावल्या जमिनीवर पडतात ती खरी कमाई. पश्चिमेच्या ग्रिलवर गोकर्णाचा किंवा कृष्णकमळाचा वेल सोडला तर तो चिकेचं काम करतो आणि वर फुलंही देतो. डिफेनबेकिया मात्र रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात नको. तिच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तोंडात गेलं तर जीभ सुजते.

पायाखाली आणि नाकाशी

चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर कितीही कुंड्या ठेवा, मॉलमध्ये उभं राहिल्यासारखंच वाटतं. चकाकी एकाच ठिकाणी डोळ्यात घुसते. बाहेरच्या जगात पाणी सोडलं तर असं काही चकाकत नाही. शहाबादी, कोटा, जांभा यांचा पृष्ठभाग किंचित खडबडीत, रंग एकसारखा नसलेला. त्यावर उजेड पसरतो. शिवाय दगड पायाची उष्णता पटकन ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो. लाकूड किंवा चटई हळू ओढते, म्हणून उबदार. खोलीचं तापमान एकच असलं तरी पायाला फरक कळतो. पूर्ण फरशी बदलायची कुणाची तयारी नसते, माझीही नव्हती. खिडकीलगतच्या तीन फुटांच्या पट्ट्यात पॉलिश न केलेली शहाबादी बसवली आणि तिच्यापुढे चटई. हॉल तिथे संपतो हे न सांगता कळतं.

वेत आणि बांबू घेताना पावसाळा आठवा. बांबूत पिष्ट असतं, त्यावर कीड जगते. खुर्चीखाली पिवळसर भुकटी पडायला लागली की समजायचं. प्रक्रिया केलेला बांबू मागून घ्या आणि जून ते सप्टेंबर भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

वासाला तर कुणी इंटिरिअरमध्ये धरतच नाही. पहिल्या पावसाच्या वासाला 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. कोरड्या मातीवर, दगडावर साठलेली तेलं आणि मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं एक द्रव्य मिळून तो वास होतो, आणि माणसाचं नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण असतं. प्लास्टिकच्या कुंड्यांऐवजी न रंगवलेल्या मातीच्या कुंड्या ठेवल्या आणि संध्याकाळी त्यांच्यावर बाहेरून पाणी शिंपडलं की या वासाची एक धाकटी बहीण घरात येते. सुगंधी मेणबत्त्यांचे पैसे वाचतात. पाण्याचा वाहता आवाज हवा म्हणून छोटं कारंजं ठेवलं तर आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामं करून घासा. कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

आत नाही, बाहेर नाही

शेवटी येते ती सासूबाईंची खुर्ची. त्यांना झाडं नको होती, वाराही जिन्यात फार नव्हता. त्यांना ओटी हवी होती. कोकणातल्या घरात अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. बाहेरून आत येताना उजेड पायरीपायरीनं कमी होत जातो, ओळखीची माणसं पायरीपायरीनं गाळली जातात. देशावर तीच ओसरी, गोव्यात बाल्कांव. डोक्यावर छप्पर, पण समोर रस्ता. घरातली भाजी निवडता निवडता गावाशी बोलता येतं. फ्लॅटमध्ये या पायऱ्याच नाहीत. दार उघडलं की थेट सोफा.

हे उंच इमारतीतही जमतं याचं मुंबईतलं ठळक उदाहरण म्हणजे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा, 1983 साली पूर्ण झालेली 28 मजली इमारत. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वाराही तिकडूनच. पण दुपारचं ऊन आणि पावसाळ्याची झोडही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांकडे पाहिलं. त्या घरांभोवती व्हरांड्याचा वेढा असायचा, ऊन-पाऊस तो झेलायचा. त्यांनी तोच व्हरांडा उचलून इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागेच्या गच्च्या करून बसवला. श्रीमंतांची घरं आहेत, मान्य. पण कल्पना फुकट आहे. बाल्कनी ही हॉलची वाया गेलेली जागा नाही, ती ऊन आणि पाऊस झेलणारी खोली आहे. ती आत घेतली की तिचं काम सोफ्याला करावं लागतं.

तेव्हा बाल्कनी असेल तर ती बाल्कनीच राहू द्या. कबुतरं येत असतील तर जाळी लावा, काच नको. आणि तिथे बाग करताना वजनाचा हिशोब करा. भारतीय मानकात रहिवासी बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला साधारण 300 किलोचा भार धरतात, त्यात माणसंही आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर खोल असा सिमेंटचा वाफा बांधून त्यात साधी माती भरली तर ओली झाल्यावर ती एकटी जवळजवळ 290 किलो होते, तीही अर्ध्या चौरस मीटरवर. वर वाफ्याचं स्वतःचं वजन. म्हणून कोकोपीट, कंपोस्ट आणि कुजवलेला पालापाचोळा यांचं हलकं मिश्रण, तेही सुट्या कुंड्यांत आणि भिंतीलगत, कठड्याच्या टोकाला नाही. बाल्कनी आधीच आत घेतली असेल तर हा आकडा पुन्हा वाचा आणि तिथे पुस्तकांचं कपाट ठेवलं असेल तर इमारतीच्या इंजिनिअरला दाखवा.

आम्ही गेल्या मार्चमध्ये बाल्कनी परत बाहेर काढली. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, लोक आत घेतात, तुम्ही बाहेर काढताय?" मधली भिंत परत बांधली नाही, तिथे पूर्ण दुमडून बाजूला जाणारी चार पल्ल्यांची लाकडी दारं बसवली. सोफा गेला, दिवाण आला. बाल्कनीत कडीचा छोटा झोपाळा. चार फुटांत तो आडवा झुलत नाही, म्हणून लांबीच्या दिशेनं टांगला.

जूनच्या पहिल्या पावसात दारं उघडी राहिली आणि पाणी शहाबादीचा पट्टा ओलांडून चटईपर्यंत आलं. मी पुसायला धावले. सासूबाई झोपाळ्यावर, पाय वर घेऊन, शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "राहू दे गं जरा. आणखी एक सर येणार आहे, मग एकदमच पूस."